ठशावर ठसा

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे. हा भाग अकोला जिल्ह्यात मोडत असताना, १९३९ साली, तेथे दीड हजारांहून अधिक जुन्या नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती नाणी अभ्यासिली. ती सातवाहन राजांची होती. त्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव आहे. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी, पुराणांतील वंशावळींत न आढळणारी नावेही त्यांवर वाचता आली. दुसऱ्या बाजूस अधिकचिन्हाच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ आहे. उज्जयिनीच्या नाण्यांवर हे चिन्ह विपुल आढळते, म्हणून त्यास उज्जयिनी-चिन्ह म्हणतात.

हेच चिन्ह तऱ्हाळ्यापासून पुष्कळ दूर, नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या चांदीच्या नाण्यांवरही उमटलेले आहे. पण ती नाणी मुळात सातवाहनांची नव्हेत. ती क्षहरात कुळातील नहपान या क्षत्रपाची. त्यांवर एका अंगास नहपानाचे मुख व भोवती ग्रीक अक्षरे आहेत. दुसऱ्या अंगास बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत त्याचे नाव आहे. या साठ्यात १३,००० हून अधिक नाणी होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारले होते. तीन कमानींचा डोंगर, त्याभोवती गौतमीपुत्राचे नाव आणि पलीकडे उज्जयिनी-चिन्ह, असे त्यांचे स्वरूप होते. कोठे ठसा नहपानाच्या गालावरच बसला आहे, तर कोठे त्याचे नाक तेवढे शिल्लक राहिले आहे! उरलेली नाणी मात्र बिनठशाचीच राहिली.

नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? हजारो नाणी वितळवावयाची म्हणजे सरपण हवे, पुन्हा वजन करणे आले, आणि थोडीफार चांदी वाया जाणारच. ठशाचे काम हातोडीच्या घावासरशी होते. शिवाय, नाणे ज्याच्या हाती पडे त्याला, राज्य आता कोणाचे, हे निराळे सांगावे लागत नसे.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केला, असे तीत म्हटले आहे. त्याच्या देशांत विदर्भाचेही नाव घेतले आहे. आई मुलाची स्तुती करणारच, असे कोणी म्हणेल. परंतु ही नाणी त्या लेखाची स्वतंत्र साक्ष देतात. टपालाच्या तिकिटावर शिक्का पडतो. शिक्क्यावर तिकीट छापलेले कधी दिसत नाही. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. आधी नहपान, मग गौतमीपुत्र, हा क्रम या नाण्यांनी पक्का केला.

असे ठसे राज्य जिंकल्यावरच मारतात असे नाही. १७९७ साली इंग्लंडात चांदीच्या नाण्यांची टंचाई झाली. तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने आपल्याजवळील स्पेनचे डॉलर बाहेर काढले आणि त्यांवरील स्पेनच्या राजाच्या मानेवर आपल्या तिसऱ्या जॉर्जचे चिमुकले शिर उमटविले. लबाडांनी तो ठसा लवकरच हुबेहूब उतरविला, आणि त्याच वर्षी बँकेला ती नाणी परत घ्यावी लागली. १८०४ मध्ये मोठा अष्टकोनी ठसा योजून पाहिला. अखेर मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅम येथील यंत्रांवर सबंध नाणेच नव्याने ठोकण्यात आले. तरीही त्यांतील काही नाण्यांवर जुनी अक्षरे पुसट दिसतात, आणि लहान ठशाच्या नाण्यांवर तर ती स्पष्टच वाचता येतात. रोमन लिपीतील 'एम' आणि त्याच्या माथ्यावर चिमुकला 'ओ' दिसला, की त्या इंग्रजी ठशाखालचे नाणे मेक्सिकोच्या टाकसाळीत पाडलेले आहे, असे समजावे.