लेखनांतील खुणा आणि यंत्राचें वाचन

जुनें मोडी पत्र तुम्हीं पाहिलें असेल. त्यांत आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत. शब्द कोठें संपला, वाक्य कोठें थांबलें, हें वाचणारानेंच ताडावें. पुढें मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० सालीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक लिहिलें आणि इंग्रजी धर्तीचीं विरामचिन्हें मराठींत हळूहळू रुळलीं. थोड्याशा बारीक खुणांनीं वाचकाचें काम केवढें हलकें झालें!

आज आपल्या लेखाचा पहिला वाचक पुष्कळदां संगणक असतो. अनुदिनींत, म्हणजे ब्लॉगवर, लेख प्रसिद्ध करावयाचा तर मथळा कोणता, ठळक शब्द कोणता, यादी कोठें आहे, हें त्यास सांगावें लागतें. त्यासाठीं एचटीएमएल ही भाषा आहे. परंतु तिच्या कोनी कंसांच्या गर्दींत मूळ मजकूर दिसेनासा होतो. ही अडचण दूर करण्यासाठीं डीन ॲलन यांनीं २००२ सालीं ‘टेक्स्टाइल’ व जॉन ग्रुबर यांनीं २००४ सालीं ‘मार्कडाउन’ ह्या पद्धति काढिल्या. मार्कडाउनचे नियम सोपे आहेत. ओळीच्या आरंभीं # लिहिला कीं मथळा. शब्दाच्या दोहों बाजूंस दोन-दोन तारका घातल्या कीं तो ठळक. आंकडा व टिंब यांनीं ओळ सुरू झाली कीं यादी. यंत्र बाजूस ठेविलें तरी असा मजकूर माणसास सहज वाचतां येतो, हा ह्या पद्धतीचा मोठा गुण.

अनुदिनीच्या आज्ञावलींत ही सोय करणारानें तीन गोष्टी सांभाळाव्या. लेखकाचा मूळ मजकूर जसाच्या तसा जपून ठेवावा व एचटीएमएल त्यापासून तयार करावें. म्हणजे चूक झाली तरी मूळ हातीं राहतें. जुन्या लेखांस नवा नियम लावूं नये. तेथें तारका निराळ्याच हेतूनें घातलेल्या असतील. आणि परक्याच्या मजकुरांतून घातक आज्ञा शिरूं नयेत म्हणून तयार झालेलें एचटीएमएल गाळून घ्यावें.

चौथी गोष्ट मराठी माणसानेंच ध्यानांत आणून द्यावी अशी आहे. समजा, छत्रपती संभाजीनगरच्या एका मुलीनें सहलीच्या वृत्तांतांत लिहिलें:

१. देवगिरीचा किल्ला
२. खुलताबाद
३. वेरूळचें कैलास लेणें

तिच्या दृष्टीनें ही यादी झाली. परंतु मार्कडाउनचे नियम नेमके करण्यासाठीं २०१४ सालीं निघालेल्या ‘कॉमनमार्क’ नियमावलींत यादीचा आंकडा 0 ते 9 ह्या रूपांतच ओळखला जातो. तिला १, २, ३ हे यादीचे आंकडे वाटतच नाहींत. मग तिन्ही ओळी एका परिच्छेदांत जोडल्या जातात. मुलीचें कांहीं चुकलेलें नसतें, तरी वाचक तिलाच निष्काळजी समजतो!

उपाय कठीण नाहीं. देवनागरी आंकड्यांचें मूल्य युनिकोडमध्यें नमूद आहे. त्यांसही यादीचा आंकडा मानावें असा नियम आज्ञावलींत जोडतां येतो, व यादी देवनागरी आंकड्यांत दाखविण्याची सोयही आहे. तुमच्यापैकीं जे संगणकविद्या शिकतील त्यांनीं एवढें स्मरावें कीं, आपल्या लिपींतील एक पान घालून पाहिल्यावांचून काम पुरें झालें असें म्हणूं नये.