मैदानावरचा आदर्श

प्रस्तावना

सायंकाळच्या वेळी कोणत्याही वस्तीतील मोकळ्या जागेवर मुलांचा खेळ रंगलेला असतो. फळीची बॅट आणि विटांचे यष्टी एवढ्यावर त्यांचे भागते. त्यांतील एखाद्याच्या सदऱ्यावर मात्र आवडत्या खेळाडूचा क्रमांक असतो. चेंडू टोलवल्यावर तो त्या खेळाडूसारखीच मान वळवतो, तसाच हात उंचावतो. मुलाला कोणी शिकवलेले नसते. त्याने ते पाहून घेतलेले असते. खेळाडूची लकब जशी मूल उचलते, तसे त्याचे वागणेही उचलते का? व्यावसायिक खेळाडूने मुलांचा आदर्श व्हावे, ही अपेक्षा कितपत योग्य आहे? या प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• आदर्श आणि अंधानुकरण यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• एकाच विषयावरील दोन परस्परविरोधी मते समजून घेऊ शकाल;
• उदाहरणांच्या आधारे स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१९९३ साली अमेरिकेत एका जाहिरातीवरून मोठा वाद झाला. चार्ल्स बार्कली हा त्या काळातील नामवंत बास्केटबॉलपटू. एका बुटांच्या जाहिरातीत त्याने सरळच सांगितले, की मी कोणाचा आदर्श नाही. मुलांपुढे आदर्श ठेवण्याचे काम आईवडिलांचे आहे. मला चेंडू टोपलीत टाकता येतो, म्हणून तुमची मुले मी वाढवावीत असे होत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच्याच तोडीचा दुसरा खेळाडू कार्ल मलोन याला हे पटले नाही. आदर्श व्हायचे की नाही, हे खेळाडू ठरवत नसतो. लोक त्याला निवडतात. चांगला आदर्श व्हायचे की वाईट, एवढेच त्याच्या हाती उरते, असे उत्तर त्याने दिले.

वरवर पाहता ही मते एकमेकांविरुद्ध आहेत. परंतु विचार केल्यास दोन्हींत तथ्य आढळते. खेळाडूला प्रसिद्धी मिळते, पैसा मिळतो, आणि तो मुलांच्या प्रेमावरच उभा असतो. तेव्हा मुलांविषयीची जबाबदारी त्याला झटकून टाकता येणार नाही. ही जबाबदारी ओळखणारे खेळाडू आपल्या देशातही आहेत.

हैदराबादचे पुल्लेला गोपीचंद यांचे उदाहरण पाहू. गुडघ्याच्या गंभीर दुखापती आणि शस्त्रक्रिया यांतून सावरून त्यांनी २००१ साली बॅडमिंटनमधील प्रतिष्ठेची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी ती जिंकल्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय पुरुष खेळाडू. या विजयानंतर एका शीतपेयाच्या जाहिरातीसाठी त्यांना विचारणा झाली. त्यांनी नकार दिला. जे पेय आरोग्याला हितकारक नाही असे वाटून आपण स्वतः घेत नाही, ते मुलांनी प्यावे असे कसे सांगावे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्यांनी हैदराबादजवळ गच्चीबावली येथे प्रशिक्षण केंद्र उभारले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सायना नेहवालने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणि पी. व्ही. सिंधूने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले.

मात्र प्रत्येक कहाणीचा शेवट असा गोड होत नाही. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याला १९९६ मध्ये कर्करोग झाला. उपचार घेऊन तो पुन्हा सायकलवर बसला आणि १९९९ ते २००५ या काळात ‘टूर द फ्रान्स’ ही अतिशय खडतर शर्यत त्याने सलग सात वेळा जिंकली. जगभरातील रुग्णांना व मुलांना तो जिद्दीचे प्रतीक वाटू लागला. परंतु २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या सेवनावरून ही सातही विजेतेपदे त्याच्याकडून काढून घेण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने आपला अपराध कबूल केला. ज्या मुलाने त्याचे चित्र भिंतीवर लावले होते, त्याला त्याच्या घरच्यांनी काय सांगितले असेल? आजारातून उठण्याची त्याची जिद्द खरी होती, आणि शर्यतीतील लबाडीही खरी होती.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ असे आपण म्हणतो. दूरचित्रवाणीवर आपल्याला खेळाडूचा खेळ दिसतो, त्याचे संपूर्ण जीवन दिसत नाही. म्हणून सबंध माणसाला देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा त्याच्यातील एखादा गुण पारखून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. सचिन तेंडुलकर यांनी तंबाखू व मद्याच्या जाहिराती नाकारल्या. १९९६ च्या विश्वचषक स्पर्धेत त्यांच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. मात्र शीतपेयाच्या जाहिरातीत ते झळकले होते. एका बाबतीत सचिनकडून शिकावे, दुसऱ्या बाबतीत गोपीचंद यांच्याकडून. यात कोणाचाही अवमान होत नाही.

सचिन यांच्या त्या नकारामागे कोण होते? तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्यांनी वडिलांना दिला होता. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर निरोप घेताना सचिन यांनी सर्वप्रथम त्यांचीच आठवण काढली. स्वप्नांचा पाठलाग कर, पण आडवाटेने जाऊ नकोस, ही त्यांची शिकवण त्यांनी भरल्या मैदानाला सांगितली. लाखो मुलांचा आदर्श असलेल्या खेळाडूचा आदर्श त्याच्या घरातच होता!

बार्कलीच्या म्हणण्यातील सत्य ते हेच. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ घरात वडील तंबाखू मळत असतील, तर भिंतीवरचे चित्र मुलाला किती वाचवणार? मुलाला चांगला खेळाडू जरूर दाखवावा. त्याच्या शतकाबरोबर पहाटेचा सराव दाखवावा, विजयाबरोबर पराभवानंतरचे हस्तांदोलनही दाखवावे. तो चुकला, तर ती चूक लपवू नये. मुलाला जवळ बसवून तिच्याविषयी बोलावे. मैदानावरचा आदर्श मुलाला वाट दाखवतो. त्या वाटेवर हात धरून चालणारे माणूस मात्र घरातलेच लागते.

शब्दार्थ

लकब – विशिष्ट सवय, ढब
तथ्य – खरेपणा
आड – विहीर
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
अंधानुकरण – विचार न करता केलेली नक्कल

पाठगत प्रश्न

१. बार्कलीच्या मते मुलांपुढे आदर्श ठेवण्याचे काम कोणाचे आहे?
२. गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात का नाकारली?
३. आर्मस्ट्राँगची विजेतेपदे कोणत्या वर्षी काढून घेण्यात आली?

तुम्ही काय शिकलात?

• खेळाडूची इच्छा असो वा नसो, मुले त्याचे अनुकरण करतात. म्हणून त्याच्यावर जबाबदारी येते.
• माणसाची पूजा करण्यापेक्षा त्याचे गुण पारखून घ्यावेत.
• मुलाचा पहिला आदर्श घरातच असतो.

स्वाध्याय

१. बार्कली व मलोन यांच्या मतांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा. तुम्हाला कोणाचे मत अधिक पटते? सकारण सांगा.
२. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण पाठाच्या आशयाशी कशी जुळते, ते स्पष्ट करा.
३. तुमच्या मुलाचा किंवा धाकट्या भावंडाचा आवडता खेळाडू उत्तेजक द्रव्य सेवनात दोषी ठरला, अशी कल्पना करा. त्याची समजूत घालणारे पत्र दहा ते बारा ओळींत लिहा.