रबर हलू देतं, मग स्टॉपर कशाला?

प्रश्न : आमची सोसायटी भूगावला, पौड रस्त्यालगत आहे. वीज गेली की लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालावा म्हणून पार्किंगच्या स्लॅबवर डिझेल जनरेटर बसवलेला आहे. नुकतीच त्याखालची रबरी माउंटिंग बदलली. चालू असताना आता फार बरं वाटतं, पण बंद करताना तो दोन-तीनदा जोरात डोलतो आणि ‘खट्’ असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, माउंटिंगवरचा लोखंडी स्टॉपर लागतोय. एक तर तो काढून टाकू, नाहीतर नट पूर्ण आवळून टाकू. यंत्र हलू द्यायलाच रबर बसवायचं, तर ते हलणं अडवणारा स्टॉपर मुळात देतात कशाला?
— एक वाचक, भूगाव (ता. मुळशी)

उत्तर : स्टॉपर काढू नका आणि नटही आवळू नका. स्टॉपर काढलात तर एखाद्या दिवशी जनरेटर जागा सोडेल. नट आवळलात तर नवीन रबर असून नसल्यासारखं होईल. तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं की, स्टॉपर असतो म्हणूनच रबर मऊ ठेवता येतं. ते पटायला आकड्यांत थोडं शिरावं लागेल.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. म्हणून सोसायट्यांतले बहुतेक जनरेटर मिनिटाला 1500 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला 25. फिरणाऱ्या भागांत जो थोडाफार असमतोल उरतो तो सेकंदाला 25 वेळा धक्का देतो. शिवाय फोर-स्ट्रोक इंजिन तीन सिलिंडरचं असेल तर सेकंदाला साडेसदतीस आणि चार सिलिंडरचं असेल तर 50 स्फोट होतात, त्यांचे धक्के वेगळे. हे सगळं सरळ स्लॅबमध्ये उतरलं की वरच्या मजल्यांवर भिंती घरघरू लागतात. 1 जानेवारी 2005 पासून बनलेल्या, 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला कॅनोपीपासून एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा घातली गेली, पण ती हवेतून येणाऱ्या आवाजाची. स्लॅबमधून चढणारी घरघर त्या मोजणीत सापडत नाही. ती खालच्या रबरानेच अडवावी लागते.

रबर ती अडवतं कसं? यंत्र रबरावर ठेवलं की ते स्वतःच्या वजनाने थोडं खाली बसतं. किती मिलिमीटर बसलं ते मोजा, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे रबरावर बसलेल्या त्या यंत्राची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ते आपणहून सेकंदाला जितक्या वेळा डोलतं तो आकडा. 4 मिलिमीटर बसलं, तर वर्गमूळ 2 आणि वारंवारता सेकंदाला जवळपास 8. इंजिनाच्या धक्क्यांची वारंवारता या आकड्याच्या 1.41 पटीहून जास्त असेल तरच रबर धक्के अडवतं. त्याच्या खाली ते अडवत नाहीच, उलट वाढवतं. तुमचं रबरही एवढंच बसत असेल, तर 25 विरुद्ध 8, म्हणजे तिपटीहून जास्त. कागदावरच्या हिशेबाने धक्क्याचा नववा हिस्साच खाली पोचायला हवा. प्रत्यक्षात रबर भराभर हलवलं की स्थिर वजनाखाली असतं त्याहून ताठ वागतं, त्यामुळे सहावा-सातवा हिस्सा पोचतो असं धरा. तेही पुष्कळ चांगलं. चालू असताना तुम्हाला बरं वाटतं ते यामुळेच.

अडचण येते ती बंद करताना. 1500 वरून शून्यावर येताना इंजिन मिनिटाला 480 फेऱ्यांच्या आसपासून जातं. 480 म्हणजे सेकंदाला 8, नेमकी रबरावर बसलेल्या यंत्राची आपली वारंवारता. त्या क्षणी प्रत्येक धक्का आधीच्या हालचालीत भर घालतो आणि एरवी डोळ्यांनाही न जाणवणारी थरथर काही मिलिमीटरांच्या डोलण्यात बदलते. नैसर्गिक रबरात डॅम्पिंग, म्हणजे हालचाल शमवण्याचा गुण, कमी असतो, त्यामुळे हे डोलणं स्वतःहून लवकर शमत नाही. सुरू करताना हाच टप्पा येतो, पण इंजिन तो पटकन ओलांडतं. बंद होताना ते रेंगाळत उतरतं.

डिझाइन करणाऱ्याची खरी कोंडी इथे आहे. माउंटिंग जितकं मऊ, तितकी चालू असतानाची घरघर कमी. आणि जितकं मऊ, तितकं बंद होतानाचं डोलणं जास्त. डोलण्याच्या भीतीने रबर ताठ घेतलं तर वरच्या मजल्याची घरघर परत येते. यातून सुटायचा मार्ग एकच: रोजच्या चालण्यासाठी रबर मऊ ठेवायचं आणि टोकाच्या हालचालीला दुसरा पहारेकरी नेमायचा. तो म्हणजे स्टॉपर.

ही युक्ती जुनी आहे. क्रायस्लर कंपनीने 1931 मध्ये प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने इंजिन मऊ रबरावर तरंगतं ठेवलं आणि चार सिलिंडरच्या गाडीची थरथर बसणाऱ्याला जाणवेनाशी केली. पण त्यांनी इंजिन नुसतं मोकळं सोडलं नव्हतं. त्याचं डोलणं आवरायला एक पट्टीची स्प्रिंग दिली होती. मऊपणा आणि मर्यादा तिथेही जोडीनेच आल्या.

आता तुमच्या ‘खट्’कडे वळू. चांगला स्टॉपर रोजच्या चालण्यात कशालाही लागत नाही. त्याच्या आणि माउंटिंगच्या टोपीच्या मध्ये गॅप असते, वर, खाली आणि बाजूंनाही. अशा जनरेटरला साधारण 3 मिलिमीटर गॅप पुरते, कारण चालू असतानाची हालचाल त्याच्या बरीच आत राहते. शिवाय स्टॉपरचं तोंड नुसतं लोखंडाचं नसावं. त्यावर रबराची गादी हवी आणि तीही अशा आकाराची, की आधी थोडा भाग टेकेल आणि मग दाब वाढेल तसा जास्त. त्यामुळे अडवणं एकदम न होता चढत जातं. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज लोखंडावर लोखंड आपटल्याचा असावा. म्हणजे गादीचा वायसर बसवताना राहिला असेल, नाहीतर गॅप अगदीच थोडी ठेवली गेली असेल.

अशा वेळी मी सर्वांत आधी चारही कोपऱ्यांकडे पाहायला सांगेन. समजा इंजिन आणि अल्टरनेटर मिळून 600 किलो आहेत. चार माउंटिंग, म्हणून प्रत्येकी 150 किलो, असा हिशेब सर्रास होतो आणि तो चुकतो. इंजिन जड असतं. त्याच्या बाजूच्या दोन माउंटिंगवर प्रत्येकी 190 किलो आणि अल्टरनेटरकडच्या दोनवर प्रत्येकी 110 किलो असं वाटप सहज असू शकतं. चारही ठिकाणी एकाच कडकपणाचं रबर बसवलं की इंजिनाचं टोक जास्त खचतं, बेस फ्रेम तिरकी होते आणि त्या टोकाच्या स्टॉपरची गॅप एका बाजूने जवळजवळ मिटते. खरं तर दोन्ही टोकं सारखीच खाली बसायला हवीत. त्यासाठी इंजिनाकडे 60 शोर कडकपणाचं आणि अल्टरनेटरकडे 50 शोरचं रबर घेतलं, तर या उदाहरणात हिशेब बराचसा जुळतो. माउंटिंगचा साचा तोच आणि रंगही तोच, पण रबर वेगळं. नेमकी ही गोष्ट बदली करताना विसरली जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. रबर वजन ठेवताच पूर्ण बसत नाही. हळूहळू खचत राहतं. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढं खचेल, साधारण तेवढंच पुन्हा दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणून ज्या दिवशी बसवलं त्याच दिवशी लावलेली गॅप पुढे टिकत नाही. यंत्राचं वजन दोन-तीन दिवस रबरावर राहू द्या, मग गॅप लावा आणि चेक नट बसवा. महिन्याभराने पुन्हा पाहा, त्यानंतर वर्षातून एकदा. गॅप मोजायला फिलर गेज असेल तर उत्तम.

आणि नट आवळणं? नट आवळला की स्टॉपर टोपीला कायमचा टेकतो. मग धक्का रबरातून न जाता लोखंडातून सरळ स्लॅबमध्ये जातो. डोलणं थांबेल हे खरं, पण वरच्या मजल्यावरचे लोक आठवड्यात तक्रार घेऊन येतील. हीच चोरवाट दुसरीकडूनही उघडी राहते: सायलेन्सरच्या पाइपला लवचीक बेलो नसेल, डिझेलची नळी ताठ असेल किंवा केबल ताणलेली असेल, तर कितीही चांगलं रबर वाया जातं.

स्टॉपर काढण्याबद्दल मी जास्त कळकळीने लिहितो आहे, कारण त्याचा संबंध भूकंपाशी आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात धरणातल्या त्वरणमापक यंत्रावर 0.63 g (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) इतकं त्वरण नोंदलं गेलं. कोयनानगर भूगावच्या जवळपास सरळ दक्षिणेला सुमारे 120 किलोमीटरवर आहे. आयएस 1893 या भारतीय भूकंप-मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर जास्त धोक्याच्या विभाग 4 मध्ये आणि पुणे विभाग 3 मध्ये होतं. तुमच्याकडे कोयनेइतका हादरा बसेल असं मी म्हणत नाही, पण 600 किलोच्या यंत्राला 0.63 g ने हलवलं तर त्याच्यावर पावणेचारशे किलोचा आडवा जोर येतो, एवढं लक्षात ठेवा. मऊ रबरावर तो आणखी वाढू शकतो. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडोच्या भूकंपात मऊ आधारांवर बसवलेली, पण अडकवून न ठेवलेली कितीतरी यंत्रं जागेवरून उडाली आणि नेमकी गरज असताना निकामी झाली. त्यानंतर तिथे अशा यंत्रांना स्टॉपर लावण्याचा आग्रह वाढला. अमेरिकन भूकंप-मानक आणखी एक गोष्ट सांगतं: ही गॅप 6 मिलिमीटरहून जास्त असेल तर स्टॉपर दुप्पट जोरासाठी डिझाइन करा. कारण उघड आहे. मोकळी जागा जास्त मिळाली की यंत्र वेग घेऊन आदळतं. म्हणजे गॅप शून्यही नको आणि ऐसपैसही नको.

चांगल्या माउंटिंगमध्ये आणखी एक काळजी घेतलेली असते. रबर लोखंडापासून सुटलं किंवा पूर्ण फाटलं, तरी वरचा आणि खालचा लोखंडी भाग एकमेकांत अडकून राहतात आणि यंत्र सुटत नाही. डिझेल-ऑइल ठिबकून नैसर्गिक रबर फुगतं आणि सडतं, त्यामुळे जनरेटरखाली हा प्रसंग अगदीच अशक्य नाही. माउंटिंग घेताना ही रचना आहे का ते विचारा आणि वजन-दबण्याचा आलेख मागा. जो पुरवठादार तो देऊ शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. रबराची तपासणी करून देणारी इर्मरा ही संस्था ठाण्यात आहे, त्यामुळे चाचणीची सोय नाही ही सबब इथे चालत नाही.

शेवटी स्लॅबबद्दल. जमिनीवरच्या फाउंडेशनवर जनरेटर असेल तर 4 मिलिमीटर बसणारं रबर पुरतं. पार्किंगचा मोठ्या गाळ्याचा स्लॅब मात्र स्वतःच लवतो, आणि त्याची वारंवारता 8 च्या आसपास निघाली तर रबर आणि स्लॅब एकमेकांना साथ देऊ लागतात. तसं असेल तर 25 मिलिमीटर बसणारे स्प्रिंग माउंटिंग घ्यावे लागतात; त्यांची वारंवारता 3 च्या जवळ येते. स्प्रिंगमध्ये डॅम्पिंग रबराहूनही कमी, म्हणून तिथे स्टॉपरशिवाय चालवूच नये. तुमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला हा एक प्रश्न जरूर विचारा.

प्रश्न : स्टॉपरच्या गादीसाठी किंवा माउंटिंगच्या जागी जुन्या टायरचे तुकडे कापून वापरले तर चालतील का?
— एक फॅब्रिकेटर, पिरंगुट

उत्तर : टायरच्या रबरात दोऱ्यांचे किंवा तारांचे थर असतात. रबर दाबलं की त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्याला कडेने फुगायला जागा लागते, आणि हे थर त्याला फुगू देत नाहीत. त्यामुळे हाताला मऊ वाटणारा तुकडा वजनाखाली फार ताठ होतो आणि किती बसेल ते आधी सांगता येत नाही. शिवाय तो लोखंडाला एकजीव जोडलेला नसतो, म्हणून सरकतो. गादी म्हणून तात्पुरता वापरायचा असेल तर नुसता चिकटवू नका, बोल्टने बसवा आणि गॅप त्याची जाडी धरून मोजा. वजन पेलायला मात्र टायरचा तुकडा कधीही वापरू नये.