मातापित्यांची शुश्रूषा आणि अर्थार्जन

कोल्हापूर जिल्ह्याचे अर्थजीवन वेळेशी बांधलेले आहे. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत पोहोचावे लागते. शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळी ठरल्या वेळी सुरू होते. इचलकरंजीत माग चालला तरच मजुरी पडते. अशा घरातील आई किंवा वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, म्हणजे औषध, अन्न, स्नान आणि कूस बदलणे यांचे दुसरे वेळापत्रक सुरू होते. त्याला सुट्टी नसते. ही दोन्ही वेळापत्रके बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर पडतात. रुग्णाची चौकशी सर्वजण करतात. त्या व्यक्तीची चौकशी मात्र क्वचितच होते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. संपूर्ण देशाचे ८.६ टक्के. आयुर्मान वाढत असल्याने हा प्रश्न यापुढे अधिकाधिक घरांत उभा राहणार आहे. वेतन, पैसा आणि शरीरशक्ती या तिन्हींचा हिशेब आरंभीच मांडला, तरच दीर्घकाळची शुश्रूषा निभावते.

नोकरी सोडण्यापूर्वी

आजारपणाच्या पहिल्या महिन्यात घरातील एकाने नोकरी सोडावी, असा निर्णय पुष्कळदा घेतला जातो. त्यामागील भावना आदरणीय असली, तरी परिणाम दूरगामी असतात. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. उपदानासाठी सर्वसाधारणपणे ५ वर्षांची सलग सेवा आवश्यक असते. आठव्या वर्षी नोकरी सोडणारा कामगार पुन्हा अशा नोकरीत रुजू झाला नाही, तर आईवडिलांची सेवा करताना स्वतःच्या वार्धक्याचा आधार गमावून बसतो.

म्हणून प्रथम रजेचा हिशेब करावा. शासकीय कर्मचाऱ्यास वर्षाला ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. दीर्घ सुट्टीचा लाभ मिळणाऱ्या शिक्षकांना अर्जित रजेचे नियम वेगळे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांना आपल्या रजा वृद्ध मातापित्यांच्या देखभालीसाठीही घेता येतात, असे केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत स्पष्ट केले. ही रजा एकदम न संपविता रुग्णालयातून घरी आणल्यानंतरचे पहिले दिवस आणि तपासणीचे दिवस यांसाठी राखून ठेवणे हिताचे ठरते. मागावरील कामगारास किंवा शेतमजुरास अशी भरपगारी रजा बहुधा नसते. त्याला पाळी बदलून मिळणे हीच मोठी सवलत होय. मालकांनी व मुकादमांनी ती द्यावी. तिच्यामुळे अनुभवी कामगार टिकतो.

पैशाचा हिशेब

शुश्रूषेचा खर्च घरखर्चात मिसळू देऊ नये. त्याची वेगळी वही ठेवावी आणि प्रथम मातापित्यांचे स्वतःचे हक्क पदरात पाडून घ्यावेत. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगारावर अवलंबून असलेल्या मातापित्यांचाही समावेश होतो. हे अनेक कामगारांना ठाऊक नसते.

परंतु या योजनांचा मुख्य भर रुग्णालयावर आहे. घरी लागणारी औषधे, मोठ्यांचे लंगोट, वाहनभाडे आणि मदतनीसाची मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये होतात. त्यासाठीही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. त्यामुळे नियमित मजुरी असलेली बहुतेक घरे या मर्यादेबाहेर राहतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ही मर्यादा २ लाख रुपये ठेवून साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. उरलेली तूट भरून काढण्यासाठी दुभते जनावर विकू नये; ते गेले की दूधबिलही थांबते.

शक्ती आणि वाटणी

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास शय्याव्रण होऊ नयेत, म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्रभर हे काम करून सकाळी यंत्रावर उभे राहणे केवळ थकविणारेच नव्हे, तर धोक्याचेही असते. रात्रीची पाळी दोघांत वाटली गेलीच पाहिजे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. यात मुलांचे संगोपनही आले, तथापि ओझे कोणाकडे झुकते हे स्पष्ट होते.

वाटणीचे तत्त्व कायद्यालाही मान्य आहे. विवाहित मुलीवरही पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी येऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका दाव्यात १९८७ मध्ये दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज झाल्यास, ज्या अपत्याविरुद्ध अर्ज आहे त्याला आपल्या इतर जबाबदार भावंडांनाही त्यात सामील करता येते. अर्थात तेथवर जाण्यापूर्वी भावंडांनी एकत्र बसावे. जो दूर राहतो त्याने पैसे द्यावेत, जो जवळ आहे त्याने वेळ द्यावा, आणि वेळ देणाऱ्याचे बुडालेले वेतनही खर्चात धरावे.

पंचायतीचे कार्य

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल राज्य शासनाने घेतली. गावाने मनावर घेतले तर घराच्या उंबऱ्याआडचा प्रश्नही गावाचा होऊ शकतो, हा त्याचा धडा होय. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी आशा सेविकेच्या मदतीने करणे, चाकाची खुर्ची व शौचाची खुर्ची उसनी देण्यासाठी पंचायतीत ठेवणे, आणि बचत गटातील एखाद्या प्रशिक्षित भगिनीने मोबदला घेऊन दुपारचे चार तास रुग्णाजवळ बसणे, या गोष्टी आवाक्यातील आहेत. अर्धांगवायूच्या रुग्णास दिव्यांग प्रमाणपत्र मिळाल्यास पंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या ५ टक्के निधीचाही विचार करता येतो.

मातापित्यांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कपात करण्याचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये घेतला. असे उपाय जबाबदारी टाळणाऱ्यांसाठी होत. जी मुले व सुना ती मुकाट्याने पार पाडीत आहेत, त्यांना हवी आहे बदलून मिळालेली एक पाळी, वेळेवर भरलेला एक अर्ज आणि अखंड झोपेची एक रात्र. कार्यालय, कारखाना आणि पंचायत यांनी एवढे केले, तरी अनेक घरांतील वेतन आणि सेवा दोन्ही टिकतील.