‘रिपोर्ट पास आहे’ एवढ्यावर माल घेऊ नका

गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने मला गुळवेलीची काडी देतो म्हणून भुकटी पाठवली. काडी संपली, भाव तोच लावतो, असं फोनवर सांगितलं. मी तेव्हाच हरकत घेतली होती, लेखी घेतली होती. पण निम्मे पैसे आधीच गेले होते आणि माल दारात येऊन पडला होता. सोबत रिपोर्ट होता: राख १६ टक्क्यांच्या आत, पाण्यातला अर्क ११ टक्क्यांच्या वर, बर्बेरिन आहे. सगळं पास.

ती भुकटी मी वापरली नाही. ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एचपीटीएलसी करून घेतली, म्हणजे वनस्पतीतले घटक पट्टीवर वेगवेगळे करून दाखवणारी चाचणी. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चार ठिपके ठेवले: आमच्या बागेतल्या वेलीची काडी, ही भुकटी, कॉलेजकडची खात्रीची टिनोस्पोरा क्रिस्पा, म्हणजे गुळवेलीची जवळची पण वेगळी जात, आणि टिनोस्पोरासाइड या खऱ्या गुळवेलीतल्या घटकाचा प्रमाण नमुना. ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बर्बेरिनचा पिवळा पट्टा तिन्ही वनस्पतींच्या रांगांत उजळला. व्यापाऱ्याचा रिपोर्ट इथेच थांबला होता. मग ॲनिसाल्डिहाइड फवारून पट्टी तापवली. आमच्या काडीच्या रांगेत टिनोस्पोरासाइडच्या रेषेत ठसठशीत पट्टा उमटला. भुकटीच्या रांगेत त्या जागी काही नव्हतं. उलट तिचे बाकीचे पट्टे क्रिस्पाच्या रांगेशी जुळत होते, एकाखाली एक. मी ती पट्टी हातात धरून बराच वेळ बघत राहिले. माझी शंका खरी ठरली याचं समाधान नव्हतं, संताप होता. हीच भुकटी आणखी किती जणांकडे गेली असेल?

फोन केला तर उत्तर आलं, ‘मॅडम, गुळवेल ती गुळवेल. कडू लागते ना?’ कडू दोन्ही लागतात! पट्टीचा फोटो पाठवला, तो त्यांनी उघडूनही पाहिला नाही. पैसे आजतागायत परत नाहीत. वर बाजारात सांगत फिरले की मॅडमना पैसे द्यायचे नाहीत म्हणून खोड काढतात. हे मला जास्त लागलं.

ही खोड नव्हे. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वनस्पती नेमकी कोणती, यावर वाद झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेल, आणि क्रिस्पा यांतला फरक लोकांपुढे मांडला. इतकं होऊनही बाजारात ‘कडू लागते ना’ हीच कसोटी चालते.

म्हणून, जे या धंद्यात आहेत किंवा येणार आहेत त्यांच्यासाठी:

भुकटी घेऊ नका, काडीच घ्या, जमेल तेव्हा ओली. कॉर्डिफोलियाची साल कागदासारखी पातळ सुटते आणि आत हिरवं दिसतं. क्रिस्पाच्या काडीवर मोठ्या खरखरीत गाठी असतात. तिसरी बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस, तिच्या पानाच्या खालच्या बाजूला लव असते, म्हणून लॉटमागे पानं मागवा. फुलं मिळाली तर पाकळ्या मोजा: कॉर्डिफोलियाला सहा, क्रिस्पाला तीन.

बर्बेरिन हा पुरावा धरू नका. ते या बहिणींमध्ये सामाईक आहे, दारुहळदीतही आहे. पूर्ण पट्टी मागा, फवारणीआधीची आणि नंतरची, आणि त्याच पट्टीवर खात्रीच्या वेलीचा नमुना हवाच. पुस्तकातल्या चित्राशी जुळवलेली पट्टी चालवून घेऊ नका.

घटकांचं प्रमाण ऋतू, काडीचं वय, जागा यांनुसार कमीजास्त होतं. आकडा थोडा खाली आला म्हणून काडी गोळा करणाऱ्या माणसावर भेसळीचा आळ घेऊ नका. मुख्य पट्टाच गायब असेल तेव्हा मात्र तडजोड नाही.

ऑर्डरवर नुसतं ‘गुळवेल’ लिहू नका. ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, खोड, सुकी काडी’ असं लिहा. पट्टी जुळली नाही तर माल परत आणि वाहतूक विक्रेत्याची, हेही त्यातच येऊ द्या. प्रत्येक लॉटचा नमुना दोघांच्या सहीने सीलबंद ठेवा. चाचणी होईपर्यंत पैसे देऊ नका, कितीही जुनी ओळख असली तरी.

आणि कागद जपून ठेवा. गोड बोलण्यावर जाऊ नका. घाई करणाऱ्याकडे काहीतरी लपवण्यासारखं असतं, असा माझा तरी अनुभव आहे.

औषध शेवटी आजारी माणसाच्या पोटात जातं. ‘रिपोर्ट पास आहे’ म्हणणाऱ्याकडे पट्टीचा फोटो मागा. तो देत नसेल, तर माल कितीही स्वस्त असो, घेऊ नका.