शकुंतलेची स्टेशनं जपताना

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आमची नॅरोगेज रेल्वे ‘शकुंतला’. तिची स्टेशनं टिकावीत म्हणून आम्ही काही जण खटपट करतो. त्यातून उमगलेलं थोडंफार:

१. आधी मालक शोधा. मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. गाड्या आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेनं चालवल्या, नंतर मध्य रेल्वेनं. पण मालकी स्वातंत्र्यानंतरही कंपनीकडेच राहिली. छप्पर कुणाचं हे ठरल्याशिवाय कौलाला हात लावायला कुणी परवानगी देत नाही. पत्रव्यवहाराची फाईल पहिल्याच दिवशी उघडा.

२. तिकीटखिडकीच्या आधी मालधक्का बघा. यवतमाळ–मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. मूर्तिजापूरला गाठी ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढायच्या, तिथून मुंबई, पुढे मँचेस्टर. अचलपूरची शाखा ७६ किलोमीटरची. हे माहीत नसलं, की स्टेशनापुढं एवढी मोकळी जागा का सोडली, तेच कळत नाही, आणि ती जागा सगळ्यात आधी जाते.

३. भंगार म्हणण्याआधी विचारा. मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत धावलं; मग डिझेल आलं. इंजिनात पाणी भरायचा नळ, राख पाडायचा खड्डा यांना त्या दिवसापासून काम उरलं नाही. लिलावात पहिल्यांदा अशाच वस्तू जातात. फोटो काढा, मापं घ्या, यादी करून ठेवा.

४. भिंती थांबतात, माणसं थांबत नाहीत. “गार्ड आम्हीच, तिकिटं फाडणारे आम्हीच, अन् फाटक लावायला उतरणारेही आम्हीच,” रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका सांगत होते. ही कामाची रीत कुठल्याही नकाशात सापडणार नाही. रंगासाठी वर्गणी काढण्याआधी अशा लोकांचं बोलणं रेकॉर्ड करा.

५. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि गिलावा सुटतो. हौशी डागडुजीपेक्षा वर्षभर थांबणं परवडतं.

६. हा मार्ग ब्रॉडगेज करा म्हणणाऱ्याशी भांडू नका. त्याला दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात स्वस्तात पोचायचंय. त्याची मागणी रास्तच आहे. त्याच्याच निवेदनाला जुन्या इमारतींचा नकाशा जोडा. रूळ रुंद करताना जुनं स्टेशन वाचवायचं असेल, तर ते आराखड्यात आधीच दिसलं पाहिजे. बुलडोझर आल्यावर दिलेलं निवेदन कुणी वाचत नाही.