होडी सोबत राहील, असं सांगितलं होतं

कुणकेश्वरसमोर देवमासा आमच्या कयाकशेजारी वर आला, तेव्हा आम्ही दोघं 'हौसेनं त्याच्याजवळ गेलो होतो' असं गेले काही महिने गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर सांगितलं जातंय. ते साफ खोटं आहे. आम्ही जागेवर होतो. जवळ गेली ती मशीनची होडी, आणि ती होडी आमच्या सुरक्षेसाठी म्हणून आम्हीच पैसे देऊन घेतली होती. ग्रुपवर उत्तर दिलं तर मला काढून टाकलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

काळेवाडीतून समुद्र गाठायचा तर रात्र गाडीत काढावी लागते. पवना आमच्या दारात आहे, पण पिंपरीच्या पुलावरून तिची जलपर्णी आणि फेस पाहिला की तिच्यात गळ टाकायची इच्छा उरत नाही. म्हणून आम्ही पवना धरणावर कयाक शिकलो आणि मग कोकणात गरवायला जाऊ लागलो. सोबत दाजी असतात, माझ्या बहिणीचे यजमान. पोहण्यात ते माझ्यापेक्षा सरस आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण 'नवशिके होते' असाही एक शेरा मारून झालाय.

या वेळी एका आयोजकाकडे पैसे भरले. नाव घेत नाही. कोकणात गरवणाऱ्या पुण्या-चिंचवडच्या लोकांना ते ठाऊक असणारच. कबूल केलं होतं ते असं: देवगडजवळून सकाळी निघायचं, किनारा नजरेत ठेवून गरवायचं, आणि मशीनची होडी पूर्ण वेळ हाकेच्या अंतरावर राहील. त्या शेवटच्या वाक्यासाठीच माणशी रक्कम जास्त होती.

फेब्रुवारीची सकाळ. मतलई वारा पडला होता, पाणी सपाट होतं. दाजींना दोन बांगडे मिळाले होते. होडीवर आयोजक, तांडेल आणि पुण्याचेच आणखी चार पर्यटक. त्यांना डॉल्फिन दाखवायचं कबूल केलं होतं, हे आम्हाला समुद्रात गेल्यावर कळलं. पश्चिमेला दूरवर पाण्याचा फवारा उठला. होडीवर आरडाओरडा झाला, आणि काय होतंय ते कळायच्या आत इंजिनचा आवाज वाढून होडी तिकडे निघाली. मी शिट्टी वाजवली. पॅडल उभं धरून हलवलं. आयोजकानं वळून पाहिलं, हात दाखवला आणि पुन्हा मोबाइल डोळ्यासमोर धरला. तो हात मी अजून विसरलेलो नाही.

होडी थेट त्याच्या अंगावर गेल्यावर देवमासा बुडाला. थोडा वेळ काहीच नाही. मग दूर घिरट्या घालणारे कुरव आमच्या दिशेनं सरकू लागले. मला आधी आनंदच झाला. पक्षी येतात तिथे मासळी असते, हे गरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग कयाकच्या दोन्ही बाजूंनी पेडवे पाण्याबाहेर उडू लागले. एकदोन नाही, सगळं पाणीच उसळत होतं. आणि तेव्हा लक्षात आलं: हे पेडवे आमच्याकडे आलेले नाहीत, खालून कुणीतरी त्यांना वर रेटतंय. ते कोण, हे आत्ताच आम्ही पाहिलं होतं.

"दाजी, गरी वर घ्या! बाजूला व्हा!" मी ओरडलो. दाजींनी रीळ फिरवायला सुरुवात केली तेवढ्यात त्यांच्या उजवीकडे, फार तर दोन कयाकच्या अंतरावर, पाणी फुगलं आणि फुटलं. आधी जबडा दिसला, मग गळ्याच्या लांबच लांब घड्या, त्यातून धो धो सांडणारं पाणी. अर्धं अंग बाहेर आलं आणि कुशीवर पडलं. लाटेनं माझी कयाक आडवी झाली, पण सावरली. दाजींची उलटली. दोर त्यांच्या पिंढरीला गुंडाळला गेला होता. मी जवळ जाऊन सुरीनं तो कापला, तेव्हा त्यांना कयाकवर परत चढता आलं.

या सगळ्यात होडी कुठे होती? आमच्याकडे नाळ करून, थोड्या अंतरावर थांबलेली. चित्रीकरण चालू होतं. दाजी वर चढल्यावर होडी आली आणि आयोजकाचं पहिलं वाक्य होतं, "जवळून शॉट मिळाला का तुम्हाला?" दाजी खोकत होते. पाणी हवं का, लागलंय का, काहीही विचारलं नाही.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये काम करतो. प्रेसखाली हात घालायचा तर आधी मशीन बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. समुद्रात आमची किल्ली त्या माणसाच्या खिशात होती.

दुसऱ्याच दिवशी तोच व्हिडिओ 'कोकणात हंपबॅकची झेप' अशा मथळ्यानं फिरला. तेही चूक. हंपबॅकचे पुढचे पर त्याच्या लांबीच्या जवळजवळ एकतृतीयांश असतात. इतके लांब पर दिसल्यावाचून राहत नाहीत. आम्ही पाहिला त्याचे पर आखूड होते आणि पाठीवरचा पर कोयत्यासारखा वळलेला. माझ्या मते तो ब्रायडीज देवमासा असावा. सिंधुदुर्गाच्या पाण्यात तो दिसतो. 2015 साली याच कुणकेश्वरसमोर संशोधकांना निळा देवमासाही दिसला होता. अरबी समुद्रात हंपबॅक आहेत, पण फार थोडे. ते इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात, आणि ओमानच्या किनाऱ्यावर शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. 1966 साली सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक मारले, त्याचा हा परिणाम. ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली 'लुबान' नावाची मादी 2017 च्या डिसेंबरात समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली होती. म्हणजे एखाद्या दिवशी खरा हंपबॅकही कुणाच्या कयाकजवळ येईल. त्या दिवशी त्याच्यामागे होडी पळवणारा माणूस नसावा, एवढंच मला वाटतं.

आता कुणी जाणार असेल तर ऐका.

पक्षी सरकू लागले आणि लहान मासळी उडू लागली, की आधी दोर वर घ्या. गुंतला तर कापा, पन्नास-शंभर रुपयांच्या ल्युअरसाठी जीव धोक्यात घालू नका. मासळीच्या गर्दीतून आडवे बाहेर पडा, मधोमध थांबून गळ टाकू नका. कॅलिफोर्नियात अव्हिला बीचला 2020 च्या नोव्हेंबरात दोघी कयाकवाल्या हंपबॅकच्या जबड्यातच गेल्या होत्या. त्यांच्याभोवतीही लहान मासळीच उडत होती. दोघी वाचल्या, पण दरवेळी तसंच होईल याची खात्री कोण देणार? त्याच किनाऱ्यावर मॉस लँडिंगला 2015 साली एक हंपबॅक उडी मारून कयाकवर पडला, तीही दोघं सुखरूप राहिली.

देवमासा दिसला तर शंभर मीटर दूर राहा, आणि त्याच्या वाटेवर पुढे जाऊन थांबू नका. तो जवळच असेल तर पॅडलनं कयाकच्या अंगावर ठोका, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळेल. एकदा उडी मारलेला पुन्हा मारण्याची शक्यता असते. त्यामुळे पहिली उडी पाहिल्यावर मोबाइल काढण्याऐवजी पॅडल हातात घ्या. सुरी जॅकेटच्या छातीवर हवी, पेटीत नको; दाजींच्या वेळी पेटी उघडावी लागली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो. उलटलेल्या कयाकवर चढण्याचा सराव धरणावर करा, पण अंगात पूर्ण कपडे आणि जॅकेट असताना. लाइफ जॅकेट घाला, घरी सांगून जा, दुपारी खारा वारा सुटायच्या आत परता. हे सगळ्यांना माहीत असतंच. तटरक्षक दलाचा 1554 आणि वनखात्याचा 1926 हे क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा, आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या बंद पिशवीत.

देवमाशाला 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाइतकं संरक्षण आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला सरकार 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. ज्याचं पोट जाळ्यावर आहे तो जाळं कापतो, आणि शहरातून आलेला आयोजक चित्रीकरणासाठी देवमाशामागे इंजिन लावतो. याचा मला दाजींच्या अपघाताइतकाच राग आहे.

कंपनीत सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "उलटी आणली का?" आमच्या भागात देवमासा म्हटलं की लोकांना उलटीच्या तस्करीच्या बातम्या आठवतात. दाजींचं काय झालं, हे नंतर विचारलं.

आणि पैसे भरायच्या आधी होडीच्या तांडेलाशी स्वतः बोला, आयोजकामार्फत नको. आमचा तांडेल मला जेटीवर भेटला. मी चिडूनच गेलो होतो. तो म्हणाला, "दादा, मला तर डॉल्फिन दाखवायची फेरी एवढंच सांगितलं होतं. तुमच्यासाठी थांबायचंय, हे कुणी बोललंच नाही."